सपाट शिंपला, गोल काठी

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या माळ्यावरून मच्छरदाणीच्या पलंगाचे दोन खांब खाली आले. शिसवीचे, जवळजवळ माझ्या मनगटाएवढे जाड, ओल्या फडक्याने पुसले की काळे-जांभळे दिसणारे, आणि आई म्हणाली भंगारवाल्याला देऊन टाक बाबा एकदाचे. मी म्हणलं थांब. पलंग पणजोबांचा, तो कधीच मोडला, खांब मात्र चाळीसेक वर्षं माळ्यावर बडोद्याचे उन्हाळे-पावसाळे खात पडलेले, आणि लाकडाच्या बाबतीत ह्याहून भारी काही नाही, कारण ताजं लाकूड तुम्ही गोल करा, सहा महिन्यांनी ते केळ्यासारखं वाकतं, हे जेवढं वाकायचं तेवढं वाकून मोकळं झालेलं होतं.

मला त्यात पूल क्यूचा, म्हणजे पूल खेळायच्या काठीचा, बट दिसला. बट म्हणजे मागची जाड अर्धी बाजू. पूलचा क्यू साधारण ५८ इंच, म्हणजे १४७ सेमी, दोन तुकड्यांचा, मधे स्क्रू, पुढे मेपलच्या लाकडाचा शाफ्ट, म्हणजे बारीक अर्धी बाजू, आणि बॉलला लागणारं टोक, म्हणजे टिप, १२-१३ मिमीची. स्नूकरचा वेगळा, तिथे अॅशचा शाफ्ट आणि टिप ९-१० मिमी, कारण स्नूकरचा बॉल ५२.५ मिमी आणि पूलचा ५७. गंमत म्हणजे स्नूकर हा खेळच १८७५ मध्ये आपल्या जबलपूरला जन्मला, गोऱ्या फौजी अफसरांच्या मेसमध्ये, पण आम्ही दर शुक्रवारी फतेगंजला खेळतो तो पूल, त्यामुळे क्यू पूलचा.

शाफ्ट रेडिमेड घेतला, पिन आणि जॉइंट पण. मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, मेंटेनन्सला आहे, मित्राच्या युनिटमध्ये रविवारी लेथ, म्हणजे लाकूड फिरवून गोल करायचं मशीन, रिकामा असतो, तेव्हा बट गोल करणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. (पहिल्या खांबात पणजोबांच्या काळचा एक खिळा निघाला, लाकडाच्या आत, वरून काही पत्ता नाही, टूलची धार गेली आणि माझ्या कपाळाच्या बाजूने काहीतरी सूं करून गेलं. जुनं लाकूड घ्याल तर आधी लोहचुंबक फिरवा, एवढंच सांगतो.) बटचं बाकीचं लिहीत नाही, ते सगळीकडे सारखंच असतं. मला लिहायचंय ते शिंपल्याबद्दल, कारण तीन महिने त्यानेच खाल्ले.

क्यूवर शिंपल्याचं काम करायचं हे कुठून आलं? थोडं बडोद्याच्या पाण्यातून असणार. इथे लहानपणापासून मोत्यांच्या गालिच्याची गोष्ट ऐकत मोठं व्हायचं, खंडेराव महाराजांनी बनवून घेतलेला, बसराच्या मोत्यांचा, तो २००९ मध्ये दोहाला लिलावात ५५ लाख डॉलरच्या आसपास गेला तेव्हा आमच्या गल्लीत लोक असे हळहळत होते की जणू त्यांच्याच दिवाणखान्यातून उचलला. आणि शाळेच्या ट्रिपला अहमदाबादच्या शाह आलमच्या रोजात कबरीवरचं लाकडी छत्र बघितलेलं, त्यात शिंपला जडवलाय. गुजरातचं शिंपल्याचं काम १६व्या शतकात जहाजांनी युरोपात जायचं, जर्मनीत ड्रेस्डेनच्या राजेलोकांच्या खजिन्यात आजही गुजरातची शिंपल्याची भांडी आहेत. तर मग माझ्या काठीवर चार कोयऱ्या का नसाव्यात?

कोयऱ्याच, कारण डायमंड आणि चांदण्या सगळेच लावतात. आईच्या कुंकवाची चांदीची कोयरी कागदावर ठेवून पेन्सिलने काढली आणि झेरॉक्सवाल्याकडे कमी करून घेतली, १६ मिमी लांब, ९ मिमी रुंद. झेरॉक्सवाला म्हणाला एवढी बारीक कशाला, टिकल्या करायच्यात का?

शिंपला दोन तऱ्हेने मिळतो. एक, जाड तुकडे, मिलीमीटर-दीड मिलीमीटरचे, खरे क्यूवाले तेच वापरतात. दुसरा व्हिनियर, म्हणजे शिंपल्याचे पापुद्रे काढून राळेने एकमेकांना जोडून केलेली शीट, २४० बाय १४० मिमी आणि जाडी फक्त ०.२ मिमी. दोन पोस्टकार्ड एकावर एक ठेवा, त्याहून पातळ. मला न्यूझीलंडच्या पावा शिंपल्याची शीट मिळाली, निळी-हिरवी, मधूनच जांभळी आणि गुलाबी, मोराच्या गळ्यासारखी. पाकीट उघडलं तेव्हा घरातले सगळे गोळा झाले, बायको म्हणाली ह्याचे कानातले कर, काठीवर कसले लावतोस. जाड तुकड्यांपेक्षा शीट घ्यायचं कारण एकच, एका शीटमध्ये मला चाळीस वेळा चुकायला जागा होती. हे मी आधीच ओळखलं होतं ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट.

कापायला सोनारी करवत. घडियाळी पोळात सोनारांच्या हत्यारांचं दुकान आहे, तिथे पाती डझनाच्या बंडलात मिळतात, केसासारखी बारीक, नंबर जितके शून्य जास्त तितकी बारीक. मी ६/० घेतली. दुकानदाराने विचारलं सोनं की चांदी, मी म्हणलं छीप, म्हणजे शिंपला, तर त्याने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि अजून एक बंडल पुढे सरकवलं. त्याला माहीत होतं.

पहिल्या दिवशी सात पाती मोडली. त्याचं कारण नंतर कळलं आणि ते इतकं साधं आहे की लाज वाटते. करवतीचे निदान दोन-तीन दात एका वेळी मालात असले पाहिजेत, नाहीतर दात मालाच्या कडेत अडकतो आणि एक तर पातं जातं नाहीतर माल जातो. माझ्या पात्यावर दोन दातांमधलं अंतरच शिंपल्याच्या जाडीपेक्षा जास्त, म्हणजे एक अख्खा दातही मालात नाही, प्रत्येक ओढीला शिंपला टचकन उडायचा. उपाय म्हणजे सँडविच: खाली ३ मिमीची प्लाय, मधे शिंपला, वर अजून एक प्लाय, कडेने गोंद, वरच्या प्लायवर कोयरीचा कागद. मग करवत बिचारी प्लाय कापते आणि शिंपला मधल्यामधे कापला जातो, त्याला पळायला जागाच नाही.

बाकी पद्धत सोनारांचीच. टेबलाच्या कडेला व्ही आकाराची खाच पाडलेली फळी, माल त्या खाचेवर, करवत उभी, दात खाली तोंड करून, कापते खाली ओढताना. आणि वळणावर करवत वळवायची नाही, करवत जागच्या जागी वरखाली चालू ठेवायची आणि माल फिरवायचा. हे हाताला समजायला चार रविवार लागले. कोयरीची शेपटी जिथे आत वळते तिथे करवत नुसती जागेवर नाचवत माल हळूच वळवायचा, श्वास रोखून, आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो.

वासाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. शिंपला घासला की दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखा वास येतो, अगदी तोच, दात कोरताना येतो तो, थोडासा केस जळल्यासारखा. शिंपला म्हणजे खरं तर चुनखडीच, पण त्याच्या थराथरात प्रथिन असतं, तेच तापतं. आणि भुकटी पिठासारखी बारीक, ती छातीत जाणं चांगलं नाही, म्हणून चांगला मास्क, जवळ पाण्याचा स्प्रे आणि पंखा बंद. पंखा बंद ठेवून बडोद्यात काम करणं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यालाच कळेल, बरं तर बरं थंडीचे दिवस होते.

आता आईची गोष्ट सांगायलाच पाहिजे. मी दोन तास घालून एक कोयरी कापली, तीही शेपटीला टवका उडालेली, आणि चहा प्यायला उठलो. परत आलो तर आई माझ्या खुर्चीवर बसलेली, हातात नखं कापायची छोटी कात्री आणि समोर एक अख्खी कोयरी. "अरे हे तर कात्रीने कापतं की, एवढा खटाटोप कशाला?" मी म्हणलं आई, तडा जातो त्याने. तिने तुकडा माझ्या नाकासमोर धरला, तडा नव्हता. गरम पाण्याच्या वाटीत बुडवून कापली म्हणे, ब्लाऊजच्या गळ्याची पायपिन कापतो तशी, थोडी थोडी. मी भिंग घेऊन बघितलं तेव्हा कडेला बारीक चिरा दिसल्या, करवतीच्या कडेइतकी साफ नाहीच, पण हे मी तिला सांगितलं नाही. गरम पाण्याची गोष्ट मात्र माझ्या डोक्यात बसायला पाहिजे होती, ती बसली नाही, आणि त्याचा फटका पुढे बसला.

करवतीने शेवटी सहा चांगल्या कोयऱ्या निघाल्या. त्यातल्या एकीत मी कंजूसपणा केला. शिंपल्याला दिशा असते, एका बाजूने बघितला तर निळा, अंग फिरवलं की हिरवा, त्यामुळे चारही कोयऱ्या शीटवर एकाच दिशेने आखल्या पाहिजेत, म्हणजे क्यू फिरवला की एकीमागून एक सारख्या चमकतात. मी शीटच्या कोपऱ्यात जागा उरली म्हणून एक आडवी बसवली. ती तिसऱ्या नंबरची. तिचं नाव पुढे येणार आहे.

आता मुख्य लोचा. काठी गोल आहे आणि शिंपला सपाट. हे वाक्य वाचायला किती सोपं आहे, मी पण वाचून पुढे गेलो होतो.

खरे क्यूवाले काय करतात, बट थोडा जाड ठेवतात, त्यात सपाट तळाचा खळगा पाडतात, जाड शिंपला बसवतात आणि मग सगळं मिळून लेथवर फायनल मापाला आणतात, शिंपला वरून आपोआप गोल होतो. मी यूट्यूबवर हेच बघितलेलं आणि हेच केलं. बट ३१ मिमीवर ठेवला, छोट्या रोटरी टूलने सपाट तळाचा खळगा पाडला, मधोमध ०.७ मिमी खोल, कोयरी चिकटवली, वरून इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद, ओतली, दुसऱ्या दिवशी लेथवर ३० मिमीला आणला. इपॉक्सी उडायला लागली, खालून निळं चमकलं, मी खूष, अजून थोडं, अजून थोडं, आणि मग डोळ्यांसमोर कोयरीच्या दोन्ही कडा पुसल्या गेल्या. पाटीवरचं अक्षर ओल्या बोटाने पुसावं तशा. मधे एक उभा दाणा उरला, गव्हाचा म्हणा.

संध्याकाळी कागद घेऊन बसलो. ३० मिमी व्यासाच्या काठीवर ९ मिमी रुंद सपाट तुकडा ठेवला तर मधून तो काठीला टेकतो पण कडांना काठी त्याच्याखालून ०.७ मिमी खाली गेलेली असते. दहावीची भूमिती, त्रिज्येचा वर्ग वजा अर्ध्या रुंदीचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, १५ मधून ते वजा. म्हणजे गोल करताना कडेवरून ०.७ मिमी जाणार, आणि माझा शिंपला होता ०.२. दीड मिमीचा तुकडा असता तर कडेला ०.८ उरला असता, म्हणूनच ते लोक जाड वापरतात, काही हौस नाही त्यांना. माझ्या हिशोबाने मधली ४.९ मिमी उरायला पाहिजे होती, व्हर्नियरने मोजली तर जेमतेम ५. गणित बरोबर आल्याचं एवढं वाईट मला शाळेत कधी वाटलं नव्हतं.

मग एकच रस्ता. शिंपल्याला काठीसारखा वळवायचा आणि खळग्याचा तळही गोलच ठेवायचा.

बोटांनी वळवायला गेलो, टिचला. दुसरा, टिचला. टिचल्याचा आवाज पापड मोडल्यासारखा, छोट्याशा पापडाचा.

आमच्या ऑफिसातल्या एकाचे मामा संखेड्याला खरादी, म्हणजे लेथवर लाकूड घडवणारे, आहेत, तो म्हणाला चल, त्यांना दाखवू, गोल लाकडावर काम करण्यात त्यांची हयात गेली. डभोईवरून पुढे संखेडा, बाईकवर जाऊन येऊन शंभरेक किलोमीटर. संखेड्याचं फर्निचर ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, सागवान लेथवर गोल करून त्यावर लाखेचे रंग, लाल, मरून, आणि सोनेरी नक्षी. ते सोनं नसतंच. कथलाची भुकटी डिंकात कालवून ब्रशने नक्षी काढतात, ती चांदीसारखी दिसते, अकीकाच्या दगडाने घोटतात आणि वरून लाख चढली की पिवळी होऊन सोन्यासारखी दिसते. लाखेवर केवड्याच्या पानाने चमक आणतात. मी हे सगळं तोंड उघडं ठेवून बघत बसलो आणि क्यू पिशवीतून काढायचा राहूनच गेला.

शेवटी काढला, खरादीकाकांनी माझा गव्हाचा दाणा बघितला, अंगठा फिरवला, हसले नाहीत हे त्यांचं मोठेपण. मी वळवायला गेल्यावर टिचतो म्हणून सांगितलं. त्यांनी उरलेला तुकडा मागितला, लाखेची शेगडी बाजूला पेटलेलीच होती, चिमट्यात धरून निखाऱ्यांवर दूरूनच दोन-तीनदा फिरवला, जसं आपण फुलका फिरवतो, आणि गरम असतानाच फर्निचरच्या एका गोल पायावर ठेवून अंगठ्याने दाबला. दाबून धरलं. मी घड्याळ बघत होतो, ते बघत नव्हते. "उतावळ शानी छे भाई?" घाई कसली. थंड झाल्यावर सोडला तर तुकडा वळलेला, कौलासारखा. टिचला नव्हता.

म्हणजे शिंपल्यात जी राळ आहे ती गरमीने नरम होते आणि थंड झाली की तोच आकार धरते. आईने वाटीत गरम पाणी घेतलं होतं तेव्हाच मला हे कळायला पाहिजे होतं. परत येताना डभोईला चहा प्यायलो आणि मित्राला हे सांगितलं, तो म्हणाला म्हणजे तू शंभर किलोमीटर तुझ्या आईचं ऐकायला आलास.

घरी शेगडी नाही, बायकोचा हेअर ड्रायर आहे. बटच्याच मापाचा एक तुकडा लेथवर फिरवून घेतला, त्यावर कोयरी, वर पोळीच्या डब्यात लावायचा प्लास्टिकचा पातळ कागद, ड्रायरने गरम, आणि मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. ट्यूबसारखा क्लॅम्प नाही जगात, सगळीकडून सारखा दाब देते आणि कुठे वळ उठत नाहीत. रात्रभर तसंच. सकाळी सोडलं की चार छोटी कौलं.

आता खळगा. इथे मशीन बाजूला ठेवलं, कारण ०.१५ मिमी खोल, गोल तळाचा खळगा माझ्या हातातल्या रोटरी टूलने होणार नव्हता, एक उचकी लागली तरी संपलं. कोयरी बटवर जागेवर धरायची, खाली शाळेतल्या गोंदाच्या कांडीचा एक ठिपका, आणि मेडिकलमधून आणलेल्या सर्जिकल ब्लेडने, ११ नंबर, नवीन, तिच्या कडेकडेने रेघ मारायची. दाबायचं नाही. ब्लेड नुसतं चालवायचं. मग कोयरी उचलायची. काळ्या शिसवीवर ती रेघ दिसतच नाही, डोळ्याला पाणी येतं, तेव्हा मला सुचलेली एकच गोष्ट जिचा मला अभिमान आहे: टिपला लावायचा निळा चॉक रेघेवर चोळला आणि फडक्याने पुसला, चॉक रेघेत बसला, काळ्यावर निळी कोयरी उठून दिसली. आधी खळगा करून त्यात शिंपला बसवायचा असं मी करत होतो, ते उलटं होतं. आधी शिंपला, मग त्याच्या मापाचा खळगा. आणि चारही कोयऱ्या एकाच कागदावरून कापल्या तरी कुठलीच दुसरीच्या खळग्यात बसत नाही, म्हणून पाठीमागे पेन्सिलने नंबर.

रेघ तीन-चार वेळा खोल करून मग आतलं लाकूड खरवडायचं, तुटलेल्या नीडल फाइलला, म्हणजे बारीक कानशीला, घासून मी २ मिमीची पटाशी केली होती. कडेपासून मधे, मधून कडेला कधीच नाही. लाकूड पुडीसारखं निघतं, फुंकर मारायची, शिंपल्याचा भंगार तुकडा खळग्यात ठेवून नखाने बघायचं, अजून वर आहे, अजून खरवडायचं. एका कोयरीला एक संध्याकाळ. खळगा जाडीपेक्षा किंचित कमी खोल ठेवायचा, शिंपला ०.०५ वर राहिला पाहिजे, कारण तो खाली बसला तर वर आणता येत नाही.

चिकटवायला हळू सुकणारी इपॉक्सी, त्यात त्याच शिसवीचा भुसा वस्त्रगाळ करून. इथे एक गोष्ट परत चुकून कळली. एवढा पातळ शिंपला अर्धपारदर्शक असतो, त्याच्या पोटाखाली जो रंग असेल तो वर दिसतो. ट्रायलला एक खाली पांढरा रंग देऊन चिकटवली होती, ती हिरवट, फिकी, प्लास्टिकच्या बांगडीसारखी दिसली. काळ्या इपॉक्सीवरची खोल निळी झाली, विहिरीत वाकून बघितल्यासारखी. काळीच ठेवली. परत प्लास्टिकचा कागद, परत ट्यूब, आणि जानेवारीत सकाळी थंडी असते तेव्हा इपॉक्सी सुकायला रुसते म्हणून टेबललॅम्पचा जुना ६०चा बल्ब जवळ.

जॉइंटजवळ एक शिंपल्याची रिंग पण केली, ४ मिमी रुंद पट्टी काठीभोवती गुंडाळायची. हे सोपं वाटलं. जॉइंटला व्यास २२, गुणिले ३.१४, पट्टी ६९.१ मिमी कापली. गुंडाळली तर एकावर एक चढली. कारण ती ज्या खाचेत बसते ती ०.२ खोल, म्हणजे तिथे व्यास २१.६, घेर ६७.९. मग ६७.९ची कापली तर फट राहिली, आणि मी अर्धा तास त्या फटीकडे बघत बसलो. शिंपल्यालाही जाडी आहे, त्याचा घेर ना आतला ना बाहेरचा, मधला धरायचा, २१.८ला ६८.५. तिसरी पट्टी ६८.५ची, सांधा सरळ न कापता तिरका, आणि तो सांधा मी आता स्वतःच शोधतो तरी सापडत नाही. पूर्ण कामात एवढी एकच जागा आहे जी मी कुणालाही भिंगातून दाखवीन.

फिनिशिंगला मित्राचा सल्ला होता की २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून सगळं एकसारखं कर. मी आता ०.२ मिमीवर शहाणा झालो होतो. शिंपल्याला पॉलिश पेपर लावायचाच नाही. पातळ सुपरग्लूचे थर चढवायचे, लेथ अगदी हळू फिरवत, फडक्याच्या तुकड्याने, मी बारा दिले, आणि मग जे घासायचं ते ग्लू घासायचं, पाण्याने, ८००, मग १५००, २०००, शेवटी गाडीचं पॉलिश. उंचवटा लपतो तो ग्लूच्या थरात, शिंपला आहे तिथेच राहतो. तरी तिसऱ्या नंबरच्या शेपटीवर १५०० जरा जास्त फिरला आणि एक धागाभर लाकूड उघडं पडलं. तिथे ग्लूचा थेंब टाकून परत घासलं. दिसत नाही. मला दिसतं.

फेब्रुवारीच्या शेवटी शाफ्ट जोडला, वजन ५६५ ग्रॅम भरलं, म्हणजे २० औंसांच्या जवळ, शिसवी जड असतेच, पण हातात मस्त बसतो. आईने क्यू उन्हात धरून फिरवला, कोयऱ्या एक, दोन, तीन, चार चमकून गेल्या, खरं तर एक, दोन, चार आणि मग उशिराने तीन. आई म्हणाली, ही एक का अशी मागे राहते? मी म्हणलं ती तशीच आहे. काकांना फोटो पाठवला, त्यांनी उत्तरात अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, चोमासामां जोजो. पावसाळ्यात बघा.

उन्हाळा चांगला गेला. मे महिन्यात ४३ डिग्री होतं, क्यू कपाटात कॉटनच्या कव्हरमध्ये, काही झालं नाही. जुलैत पाऊस लागला, विश्वामित्री भरून वाहायला लागली, घरात मीठ पाझरायला लागलं, आणि एका शुक्रवारी क्यू हातात घेतला तर अंगठ्याला काहीतरी लागलं. लाकूड ओल पिऊन आडवं फुगतं, शिंपला फुगत नाही, आणि मधे जी इपॉक्सी आहे तिला दोघांची भांडणं सोडवावी लागतात. एक, दोन, चार गप्प होत्या. तिसरीच्या शेपटीचं टोक नखाला अडत होतं, जिथे धागाभर लाकूड उघडं पडलं होतं बरोबर तिथे, ओल तिथूनच आत गेली असणार. हिवाळ्यात लाकूड बसलं की उचलून परत चिकटवीन, तोपर्यंत वरून मेणाचं बोट फिरवून ठेवलंय.

त्या रात्री फतेगंजला माझी टर्न होती, बाजूच्या टेबलावरचा एक कॉलेजचा पोरगा कधीपासून माझ्या हाताकडे बघत होता. मला वाटलं आता विचारणार, मी मनातल्या मनात संखेड्यापासून सांगायला सुरुवात पण केली. तो जवळ आला, वाकून तिसऱ्या कोयरीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "अंकल, तमारु स्टिकर उखडे छे."

मी म्हणलं, हा, खबर छे, आणि ब्रेकचा फटका मारला.